हिरव्या वसईची किंमत कोणी मोजायची?

वसई रोड स्टेशनावर पश्चिमेला उतरून समुद्राकडे निघाले की इमारतींची रांग हळूहळू विरळ होते आणि वाड्या लागतात. केळी, नारळ, पोफळी, मोगरा, सोनचाफा, मध्येच पालेभाजीचे वाफे. गिरीज, भुईगाव, निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी ही गावे एकमेकांना खेटून पार अर्नाळ्याच्या बाजूला जातात. चर्चगेटपासून पन्नासेक किलोमीटरवर असा पट्टा आजही शिल्लक आहे, हे मुंबईतल्या अनेकांना ठाऊक नसते.

कागदोपत्री ही गावे वसई-विरार शहर महानगरपालिकेत आहेत. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी ही महापालिका झाली. गावांनी कडाडून विरोध केला. २०११ साली सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला आणि २०२४ साली सरकारने तो निर्णयच मागे घेतला. गावे महापालिकेत राहिली. भांडण मात्र मिटलेले नाही.

पुढच्या संवादातले दोघे कोणी एक-एक माणूस नाहीत. चर्चच्या आवारातल्या सभांत, सोसायटीच्या बैठकांत आणि बसथांब्यावर जे बोलले जाते, ते मी त्यांच्या तोंडी घातले आहे. काका सत्तरीला टेकलेले वाडीवाले. ताई त्यांच्या कुंपणालगतच्या चार मजली इमारतीत राहतात. वाढल्या लालबागच्या चाळीत, नोकरी अजून मुंबईतच. दोघांच्या मध्ये एक बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतले माणसाने खोदलेले छोटे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, आजूबाजूच्या विहिरींना झिरपत राहते आणि एके काळी त्यावर रहाट चालत असे. बोलणे त्या बावखलावरूनच सुरू होते.

काका : ताई, तुमच्या इमारतीचं सांडपाणी पुन्हा बावखलात उतरलंय. काल सकाळपासून वास सुटलाय. त्या पाण्यावर माझा मोगरा आहे.

ताई : माहीत आहे काका. टाकी उपसायला गाडी सांगितली आहे, उद्या येते म्हणालेत. आम्हाला काय हौस आहे का? रस्त्यात गटाराची लाइनच नाही. आम्ही जोडणार कशाला?

काका : लाइन नाही, मग इमारत कशी झाली?

ताई : ते मला विचारू नका. आम्ही आलो तेव्हा ताबा पत्र होतं, बँकेने कर्ज दिलं होतं, वीज होती. घर घेणारा माणूस जमिनीखालची पाइपलाइन बघायला जातो का?

काका : आमच्याकडे आधी तेच बघायचे. घर बांधायचं तर विहीर कुठे, बावखल कुठे, पावसाचं पाणी कोणत्या बाजूने उतरतं, हे बघून मग जोत्याचा दगड बसायचा. आता उलटं झालंय. इमारत उभी राहते, मग पाणी वाट शोधतं. आणि उतार माझ्या वाडीकडे आहे.

ताई : तुमच्या वेळी गावात घरं किती होती आणि आता माणसं किती आहेत? २०११च्या जनगणनेतच वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. त्यानंतरची तर मोजलेलीच नाही. एवढ्या माणसांना विहिरीच्या काठावर उतार बघून घर मिळणार आहे का?

काका : म्हणून तर म्हणतो, एवढी माणसं इथे आणायच्या आधी कोणी तरी विचार करायला हवा होता.

ताई : ‘आणायच्या’ म्हणू नका काका. आम्हाला कोणी आणलं नाही, आम्हाला तिकडून काढलं. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्यासारख्या हजारो घरांत पगार परत कधी आलाच नाही. गिरण्यांच्या जागी मॉल झाले, टॉवर झाले. त्या टॉवरमध्ये आमच्यासाठी एक खोली नव्हती. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा चाळीतल्या खोलीच्या किमतीत आम्हा तिघा भावंडांपैकी कोणालाही मुंबईत घर येत नव्हतं. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी बदलापूरला, मी इथे आले. रोज विरार लोकलला लोंबकळून जाते. तुम्ही ‘बाहेरचे’ म्हणता ना, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, आतली जागा आमच्यासाठी कुठे ठेवली होती?

इथे काका थोडे थांबतात, आणि थांबायलाच हवे. हरित पट्ट्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी, आणि त्यात माझ्यासारखे या पट्ट्यावर जीव असणारे आधी आले, गिरणगावातून इकडे फेकल्या गेलेल्या माणसांकडे गर्दी म्हणूनच पाहिले आहे. ही माणसे मराठी आहेत, श्रमाची आहेत, आणि मुंबईने त्यांना नाकारले म्हणून इथे आली आहेत. त्यांना वगळून वसईचा कोणताही न्याय पुरा होत नाही.

काका : ताई, लालबाग मला परकं नाही. माझी आई पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली घेऊन दादरला जायची. भाजीवाल्या बायका बोरिवली, पार्ले, दादर करायच्या. तुमच्या चाळीतल्या गणपतीला घातलेला हार माझ्या वाडीतल्या फुलांचा असेल, कोणी सांगावं! तुम्ही येऊ नका असं मी कधीच म्हटलं नाही. ज्याला पोट आहे त्याने कुठे तरी राहायलाच हवं. पण माझ्या गावाचं काय करायचं ते ठरवताना मला विचारावं, एवढी अपेक्षा मोठी आहे का? ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभेत उभं राहून बोलता यायचं. आता कोणाशी बोलायचं? २०२० साली महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होता. नगरसेवक नाही, सभा नाही. अर्ज द्यायचा आणि पोच घेऊन घरी यायचं.

ताई : हे मात्र खरं. तेवढी वर्षं आम्हीही त्याच पोचा गोळा केल्या. पण काका, ग्रामपंचायत म्हणजे फार स्वच्छ कारभार होता असं सांगू नका. चाळींना पहिले दाखले कोणी दिले? सरपंचांच्या सही-शिक्क्यावर उभ्या राहिलेल्या इमारती या तालुक्यात कमी आहेत का? गावातल्याच माणसाने जमीन विकली, गावातल्याच माणसाने दाखला दिला, आणि आता तोच माणूस सभेत उभा राहून गाव वाचवा म्हणतो.

काका : असे आहेत. मी नाही म्हणणार नाही.

ताई : आणि त्याचे परिणाम कोण भोगतं? नालासोपाऱ्यातल्या त्या ४१ इमारती आठवा. सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचऱ्यासाठी राखून ठेवलेली जागा. तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, खोल्या विकल्या गेल्या, माणसं दहा-बारा वर्षं राहिली. मग न्यायालयाचा आदेश आला आणि २०२५च्या सुरुवातीला सगळं जमीनदोस्त झालं. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं उघड्यावर आली. ज्यांनी विकलं त्यांचं घर पडलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला इमारतीचा भाग कोसळून सतरा माणसं गेली. ती इमारतही अनधिकृतच होती. तुम्ही वाडीच्या कुंपणाआडून शहराकडे बघता तेव्हा तुम्हाला अतिक्रमण दिसतं. मला तिथे फसवली गेलेली माणसं दिसतात.

काका : मला आणखी एक गोष्ट दिसते. तुम्ही आत्ता म्हणालात, ती जागा सांडपाण्याच्या केंद्राची होती. म्हणजे ज्या जागेवर घाण पाणी स्वच्छ व्हायचं होतं, त्या जागेवर खोल्या विकल्या. मग ते पाणी जाणार कुठे? खाडीत, नाल्यात, आणि इथे आमच्या बावखलात. गरिबाची खोली आणि माझा मोगरा, दोन्ही एकाच माणसाने बुडवलं.

ताई : हे मी कधी असं जोडून बघितलं नव्हतं.

दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, पण या एका धाग्यावर दोघांनी एकत्र बोट ठेवल्याचे क्वचितच दिसले. गावाचा मोर्चा महापालिकेबाहेर पडण्यासाठी, सोसायट्यांचा मोर्चा नळाच्या पाण्यासाठी. आणि दोन्ही मोर्चांत पाण्याच्या येण्याजाण्याचा पुरा हिशोब कोणाच्याच फलकावर नव्हता. वसईचा प्रश्न मुळात पाण्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे. जमीन त्याच्या मागोमाग येते. म्हणून इथे थोडे रेंगाळायला हवे.

काका : तुम्हाला आमच्या पाण्याची गोष्ट सांगतो. समुद्र इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरी माझ्या आजोबांच्या विहिरीचं पाणी गोड. कसं? पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं हलकं, खारं जड. वरवरचं, बेताने उपसलं तर वर्षभर पुरतं. रहाटाचं तेच होतं. जनावर गोल फिरणार, माळेचे पोहरे एकेक भरून वर येणार, पाटातून पाणी वाफ्यात जाणार. जनावर थकलं की उपसा थांबला. रात्रीत विहीर पुन्हा भरली.

ताई : मग ते बंद का झालं?

काका : इंजिन आलं. मग विजेचा पंप आला. आम्हाला वाटलं, केवढी सोय झाली. बटण दाबलं की धो-धो पाणी. थकणारं कोणी उरलंच नाही. उपसा वाढला, गोडं पाणी संपलं आणि खालचं खारं वर आलं. समुद्राकडच्या कितीतरी विहिरी मचूळ झाल्या. नागवेल गेली, केळीचे बाग गेले. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करायचे आमच्याकडे. आता ती करणारी घरं शोधावी लागतात.

ताई : आणि टँकर?

काका : हं. टँकर.

ताई : ते पण सांगा ना. नालासोपाऱ्याला, विरारला इमारती झाल्या, नळाला पाणी नव्हतं, तेव्हा टँकर कुठल्या विहिरींवर भरले जायचे? तुमच्याच गावांतल्या. शेती सोडून पाणी विकणारे तुमचेच भाऊबंद होते.

काका : होते. म्हणून तर गावाने टँकर अडवले. बायका रस्त्यावर बसल्या होत्या. एकाने विहीर विकायला काढली की शेजारच्या चार विहिरी खाऱ्या व्हायच्या. जमिनीच्या वर कुंपण घालता येतं, खाली नाही. विकणाऱ्याला वाटायचं, विहीर माझी. पाणी त्याचं एकट्याचं नव्हतं.

ताई : आता तरी सूर्या नदीचं पाणी आलं. धामणी धरणावरची ती नवी योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यातलं १८५ वसई-विरारला, उरलेलं २१८ मिरा-भाईंदरला. आमच्या सोसायटीत टँकरचा खर्च कमी झाला. माझ्यासाठी ही लहान गोष्ट नाही. रात्री अकराला घरी येऊन बादल्या भरत बसायची मी.

काका : चांगलं झालं. पण ते धरण कोणासाठी बांधलं होतं, माहीत आहे? डहाणू, पालघर, विक्रमगडच्या आदिवासींच्या शेतीसाठी. कालवे त्यांच्यासाठी काढायचे होते. ते ओरडत राहिले की आमच्या वाटणीचं पाणी शहरांना चाललंय. तुम्ही मघाशी म्हणालात, कुंपणाआडून बघू नका. मग नळाच्या पलीकडेही बघायला हवं.

ताई : बघितलं, आणि मग काय करू? नळ बंद करू?

काका : नाही. पण सूर्येचं पाणी एवढ्या लांबून आणायचं, आणि इथे आकाशातून पडणारं पाणी बावखल बुजवून समुद्रात सोडायचं, हे कोणत्या शहाणपणात बसतं?

ताईंकडे याला उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. कोकण किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसाला थांबायला जागा म्हणून पूर्वजांनी बावखले खोदली. गेल्या काही दशकांत त्यांतली कित्येक भरावाखाली गेली. काहींवर घर, काहींवर रस्ता, काही नुसतीच कचऱ्याने भरलेली. आनंदाची गोष्ट ही की अलीकडे काही गावांतल्या तरुणांनी हातात फावडी घेऊन ती उपसायला सुरुवात केली आहे. शाळेच्या सुट्टीत चिखलात उतरलेली ती मुले पाहिली की या पट्ट्याविषयीची माझी आशा पुन्हा उभी राहते.

ताई : आमच्या इमारतीतल्या लोकांना बावखल म्हणजे डासांची जागा वाटते. मलाही वाटायची. गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत ठराव आला होता, अर्ज करून हे तळं बुजवून घ्या म्हणून.

काका : मला कळलं होतं.

ताई : मी विरोधात बोलले. कारण मला २०१८चा जुलै आठवतो. तेव्हा आम्ही वसई रोडला स्टेशनाजवळ भाड्याने राहत होतो. रुळांवर पाणी, गाड्या बंद. तळमजल्यावरच्या घरांत कमरेएवढं पाणी, ते दिवसचे दिवस उतरेना. वीज नाही, प्यायला पाणी नाही. मिठागरात राहणारी माणसं अडकून पडली होती, त्यांना बाहेर काढावं लागलं. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची समिती नेमली. त्यांनी सुचवलेल्या उपायांत धारण तलाव होते. पावसाचं जादा पाणी काही काळ थोपवून धरायला तलाव. सभेत मी एवढंच विचारलं, करोडो रुपये खर्चून नवे तलाव खणायचे, तर असलेलं का बुजवायचं?

काका : ठरावाचं काय झालं?

ताई : पुढच्या सभेवर ढकलला. पडला नाही.

काका : आम्ही तीसेक वर्षांपूर्वी हेच ओरडत होतो ताई. सरकारने सिडकोला इथे नियोजन करायला आणलं, १९९० साली. त्याच्या आगे-मागेच हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. झगा घातलेला धर्मगुरू रस्त्यावर उतरून पाण्याबद्दल, झाडांबद्दल बोलतो, हे लोकांना नवीन होतं. धमक्या आल्या, ते मागे हटले नाहीत. मोर्चात हिंदू होते, ख्रिस्ती होते, वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी सगळे होते. २०२४च्या जुलैमध्ये फादर गेले, तेव्हा अंत्ययात्रेला जमलेली माणसं बघून कळलं की ती चळवळ माणसांच्या आत किती खोल गेली होती.

ताई : मी त्यांचं थोडं वाचलं आहे. पण काका, एक विचारू? रागावू नका. त्या चळवळीत तुम्ही होतात. तुमचा मुलगा आहे का?

काका : (थोड्या वेळाने) मुलगा म्हणतो, वाडी विकू या.

ताई : का म्हणतो?

काका : त्याचं चूक नाही. माझ्या वाटणीला वीस गुंठे आले. त्याला आणि त्याच्या भावाला दहा-दहा येतील. दहा गुंठ्यांवर मोगरा आणि भाजी करून घर चालतं का? मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पाऊस अवेळी येतो, कळ्या गळून जातात. दुसरीकडे बिल्डरचा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी येऊन जातो. आकडा सांगतो, तो आम्ही तिघांनी मिळून जन्मात बघितलेला नाही. मुलगा मला म्हणतो, बाबा, सगळ्यांना हिरवी वसई हवी आहे. सोसायटीवाल्यांना खिडकीतून बघायला हवी आहे, मुंबईकरांना रविवारी फिरायला हवी आहे, पुराच्या वेळी सरकारला पाणी मुरवायला हवी आहे. तिचा खर्च मात्र आपण तिघांनी करायचा. असं का?

या प्रश्नाकडे गावाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. हिरवाईचे गोडवे गायले गेले, वाडीच्या संस्कृतीवर लेख लिहिले गेले. वाडीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा जमाखर्च कोणी मांडला? बांधकामावर बंधन घालणारा हरित पट्टा आखला की काम झाले, अशी समजूत आहे. पण बंधन फक्त एकाच्या जमिनीवर येते आणि लाभ सगळ्या शहराला मिळतो. असे बंधन एखादी पिढी श्रद्धेने पाळते. पुढची पिढी पळवाट शोधते, आणि ती शोधून देणारे दारातच उभे असतात.

ताई : तुमच्या मुलाचा प्रश्न बरोबर आहे. आणि मी सांगते, त्याला उत्तर आहे. मी जिथे काम करते तिथे मालमत्तांचे कागद बघावे लागतात. मुंबईत एखादी वारसा इमारत मालकाने पाडली नाही, जपली, तर बांधायचा राहिलेला हक्क टीडीआर म्हणून दुसरीकडे विकायची तरतूद आहे. इमारत जपण्याची किंमत मालकाला मिळते. वाडीला का मिळू नये?

काका : आम्हाला टीडीआर ठाऊक आहे तो रस्त्याचा. जमीन रस्त्याला, बागेला दिली की मिळतो. वाडी सोडली की पैसा, वाडी ठेवली की काही नाही.

ताई : तेच बदलायला हवं. दुसरं, काही महापालिका पावसाचं पाणी जिरवणाऱ्या इमारतींना मालमत्ता करात सवलत देतात. आमच्या गच्चीतून एक पाइप जमिनीत सोडला तर आम्हाला सवलत. तुम्ही अख्खं बावखल सांभाळता, तुम्हाला काय?

काका : नोटीस. डास होतात म्हणून.

ताई : आणि तिसरं. आमच्या सोसायटीत चोवीस घरं आहेत. टँकरवर दर महिन्याला आम्ही जे उधळत होतो, त्याचा थोडा भाग जरी बावखल उपसायला, काठ बांधायला, आमच्याच टाकीचं पाणी आधी गाळून घ्यायला लावला असता, तर आज तुम्ही तक्रार घेऊन आला नसतात. पण हे मी कशाच्या जोरावर मागू? लोक म्हणतील, तळं त्यांचं आहे, आपण का पैसे घालायचे?

काका : म्हणूनच मला गाव महापालिकेबाहेर हवं होतं ताई. तुम्ही म्हणाल, कर वाचवण्यासाठी. काहींना करासाठी हवं होतं, ते मी लपवत नाही. मला हवं होतं ते एवढ्यासाठी की बावखलाचा प्रश्न ग्रामसभेत मांडता आला असता. शहराच्या सभेत त्याला कोण विचारतं?

ताई : आणि मी त्या ग्रामसभेत असते का? मतदार यादीत माझं नाव इथे आहे. तुमच्या ‘गावात’ मी धरलेली आहे का? की गाव म्हणजे फक्त वाडीवाले?

काका : (विचार करून) पूर्वी मी नाही म्हटलं असतं.

ताई : आता?

काका : ज्या माणसाचं सांडपाणी माझ्या बावखलात येतं आणि जो माझ्या बावखलासाठी सभेत भांडतो, त्याला गावाबाहेर कसं धरू? पण ताई, तुम्ही आत आलात की गावाची बंधनंही तुमच्यावर येतील. विहिरीपासून किती अंतरावर टाकी हवी, भराव कुठे चालणार नाही, कूपनलिका किती खोल. तुमच्या चोवीस घरांना ते मान्य होईल?

ताई : सगळ्यांना होणार नाही. भांडावं लागेल. पण बंधन दोन्हीकडे हवं. बावखल सात-बारावर तुमच्या नावावर आहे. उद्या तुम्ही नसाल. तुमच्या मुलांनी ते बुजवून सौदा केला तर आमच्या तळमजल्यात पाणी शिरेल. तेव्हा आम्ही कोणाकडे जायचं?

काका : तेव्हा त्यांना अडवायचा हक्क तुम्हाला असायला हवा. कागदावर. पण फुकट नाही. त्या हक्काची किंमत दर वर्षी माझ्या मुलांच्या हातात पडली पाहिजे. महापालिकेने द्यावी, सोसायट्यांनी द्यावी, टीडीआरमधून यावी, कशीही यावी. बिल्डरच्या आकड्याएवढी मी मागत नाही. वाडी ठेवून पोरांना मान वर करून जगता येईल एवढी.

ताई : मी सभेत हे मांडीन. पण पैसे घेतलेत तर ते पाणी एकट्या तुमचं राहणार नाही काका. उपसा किती करायचा, कोणत्या महिन्यात थांबायचं, हे आम्हीही विचारू. तुमच्या पंपावर मीटर बसवा असंही कोणी म्हणेल.

काका : माझ्या विहिरीवर मीटर?

ताई : तुमच्या विहिरीवर, आणि आमच्या कूपनलिकेवरही.

काका : हे मुलाशी बोलावं लागेल. भावकीशीही. विहिरीत तिघांचा वाटा आहे, आणि त्यांतला एक आजही टँकर भरतो.

ताई : मग त्यालाही घेऊन या. पुढची सभा रविवारी दहाला आहे, तो बुजवायचा ठराव पुन्हा येणार आहे. तुम्ही येऊन बोललात तर बरं होईल. सभासद नसलात तरी मी अध्यक्षांची परवानगी घेते.